शेजारच्या गच्चीवरची कुत्री : तक्रार कुठे करायची आणि काय मागायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जळगावात प्लॉटच्या कॉलनीत तुमचं घर, शेजाऱ्यांची भिंत तुमच्या भिंतीला लागून. त्यांनी दोन मोठी कुत्री गच्चीवर बांधली आहेत. रात्री अकरा वाजले की भुंकणं सुरू होतं ते पहाटेपर्यंत. सासूबाईंची बायपास झालेली, मुलगी नीटची तयारी करतेय. शेजाऱ्यांची गच्ची धुतली की घाणीचं पाणी पाइपातून थेट तुमच्या अंगणात पडतं. बोलायला गेलात तर ‘कुत्रं शे ते, भुकीच!’ असं ऐकून परत आलात, पोलीस ठाण्यात गेलात तर ‘आपसात मिटवा’ म्हणाले. महापालिकेत अर्ज दिला तर कुत्री उचलून नेतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही नेणार. मी २९ वर्षं खानदेशातल्या नगरपालिकांमध्ये स्वच्छता निरीक्षक होतो. असे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे आणि जागेवर जाऊन पाहणीही मीच करायचो. ‘सदर कुत्री घेऊन जावीत’ अशी मागणी असलेला अर्ज पहिल्या वाचनातच मागे पडतो, कारण ती मागणी तिथल्या कोणालाच पुरी करता येत नाही. पालिकेची गाडी मोकाट कुत्र्यांसाठी असते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार ती कुत्रीसुद्धा नसबंदी आणि रेबीजची लस देऊन साधारणपणे जिथून उचलली तिथेच परत सोडायची असतात. कोणाच्या घरातलं पाळीव कुत्रं नुसत्या भुंकण्यावरून उचलता येत नाही. म्हणून मागणी बदला. रात्री कुत्री कुठे ठेवायची, त्यांची घाण कुठे जायची, त्यांना लस दिली आहे का, एवढंच मागा. हे मालकाला करायला लावता येतं.

पहिली चूक माझी होती, ती आधी सांगतो. नोकरी नवी होती, अंगात गरमी होती. एका गावी अशीच तक्रार आली. मी दारातूनच मालकाला दम भरला, ‘आठ दिवसांत कुत्रं काढून टाका, नाहीतर नोटीस.’ त्याने कुत्रं मोटारसायकलवर घालून हायवेला सोडून दिलं. चौथ्या दिवशी ते एक पाय धरून लंगडत परत आलं आणि मालकाच्या दारात न जाता तक्रार करणाऱ्या बाईंच्याच ओट्यावर येऊन पडलं. त्या बाई माझ्यासमोर रडल्या. ‘साहेब, मी झोप मागितली होती, हे नव्हतं मागितलं.’ पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडून देणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो माझ्या तोंडच्या शब्दाने घडला. त्यानंतर वर गच्चीवर चढल्याशिवाय मी एकही शेरा लिहिला नाही.

चढल्यावर काय दिसतं ते ऐका, कारण तुमच्या त्रासाचं मूळ बहुतेक तिथेच आहे. दुसऱ्या एका गावची गोष्ट. मे महिना, पारा ४४ च्या पुढे. दुपारी तीनला लोखंडी जिन्याने वर गेलो. कुत्रं पाण्याच्या टाकीच्या सावलीत अंग चोरून पडलेलं, आणि ती सावली वीतभर. साखळी चार फूट, टाकीच्या पाइपाला अडकवलेली. ती घासून घासून स्लॅबवर पांढरं अर्धवर्तुळ उमटलेलं. जर्मनचं भगुणं कोरडं ठणठणीत, तळाशी पोळीचा वाळून कडक झालेला तुकडा. दिवसभर हे. आणि रात्री? आपल्याकडे उन्हाळ्यात अख्खी कॉलनी गच्चीवर झोपते, हे तुम्हाला सांगायला नको. नऊ-साडेनऊला अंथरुणं पडली की त्या कुत्र्याच्या डोळ्यांसमोर चार गच्च्यांवर वीस-पंचवीस माणसं हलायला लागायची. कोणी पाणी प्यायला उठलं, कोणी चादर झटकली, कोणाचा मोबाइल चमकला, की भुंकणं. ते बिचारं राखण करत होतं! मालक मात्र खालच्या खोलीत दार लावून, कूलर लावून झोपायचा. कूलरच्या घरघरीत त्याला काही ऐकूच यायचं नाही, त्यामुळे शेजारी खोटं बोलतात असं त्याला मनापासून वाटायचं. मी त्याला रात्री बाराला तक्रारदाराच्या गच्चीवर नेऊन अर्धा तास बसवलं. तो गप्प झाला. कुत्रं रात्रीपुरतं मागच्या पडवीत आणलं, तिथून रस्ता आणि गच्च्या दिसत नव्हत्या. पाण्याची बादली, खाली ओलं गोणपाट, रात्रीच्या जेवणानंतर एक लांब चक्कर. आठवडाभरात गल्ली झोपायला लागली. एकही नोटीस काढावी लागली नाही.

म्हणून ताई, अर्जाआधी आणखी एकदा बोला, पण वेगळ्या पद्धतीने. रात्री चिडलेल्या अवस्थेत नको. सकाळी, रविवारी, कॉलनीतल्या ज्यांचा शब्द ते मानतात अशा एका काकांना बरोबर घेऊन जा. ‘तुमची कुत्री त्रास देतात’ इथून सुरुवात करू नका. ‘रात्री दहानंतर त्यांना खाली घेता येईल का, आणि पाइपाचं तोंड गटारीकडे वळवता येईल का,’ एवढ्या दोन गोष्टी मागा. जमलं तर त्यांना एकदा तुमच्या घरी रात्री बोलवा. ते ऐकत नसतील तर शांतपणे सांगा, की १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे कुत्र्याला फार आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधणं, नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, पुरेसं पाणी आणि आडोसा न देणं हीसुद्धा क्रूरताच आहे. पहिल्या वेळच्या गुन्ह्याला दंड आजही १० ते ५० रुपयेच आहे, त्याची कोणाला भीती वाटणार नाही. पण ‘कुत्र्यावर प्रेम आहे म्हणून पाळलंय’ म्हणणाऱ्या माणसाला ही गोष्ट लागते. तुम्ही कुत्र्याच्या बाजूने बोलताय हे त्याला पहिल्यांदा कळतं.

त्याच दिवशी एक वही घाला. शाळेची शंभर पानी पुरते. तारीख, भुंकणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, घरात काय झालं. ‘११.२० ते १२.०५, पुन्हा २.४० ते ४.१५. आईंना रात्री तीनला बीपीची गोळी द्यावी लागली.’ असं. ‘रोज रात्रभर भुंकतात’ या वाक्याला कार्यालयात किंमत नाही, ते प्रत्येक अर्जात असतं. पंधरा दिवसांच्या तारीखवार नोंदी जोडलेला अर्ज मी माझ्या नोकरीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले, आणि त्यांतला एकही फायलीत पडून राहिला नाही. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, पण स्वतःच्या घरातून, घड्याळ दिसेल असा. त्यांच्या खिडकीत, अंगणात कॅमेरा रोखू नका, नाहीतर उलट तक्रार तुमच्यावर होईल. मूळ रेकॉर्डिंग फोनमधून पुसू नका. पुढे कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात ते कोणत्या फोनवर केलं हे लिहावं लागतं.

आता दारं. इथे बहुतेक लोक चुकतात. सगळा त्रास एकाच अर्जात कोंबतात आणि तो अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो. तुमचे त्रास दोन आहेत, तर अर्जही दोन करा.

घाणीच्या पाण्याचा अर्ज महापालिकेत, आयुक्तांच्या नावे, प्रत आरोग्य विभागाला आणि तुमच्या प्रभाग कार्यालयाला. नगरपरिषदेच्या गावात हाच अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातो. तुमच्या प्रकरणातली ही सगळ्यात मजबूत बाजू आहे, कारण विष्ठेचं पाणी दुसऱ्याच्या अंगणात सोडणं डोळ्यांना दिसतं, फोटोत येतं आणि निरीक्षकाला पंचनामा करता येतो. आवाज तो जाईपर्यंत थांबलेला असतो, डाग तिथेच असतो. अर्जात लिहा : स्थळपाहणी करून पंचनामा करावा, गच्चीचं सांडपाणी बंद पाइपाने गटारीत सोडण्याची नोटीस द्यावी, कुत्र्यांची नोंदणी आणि रेबीज लसीकरणाचं प्रमाणपत्र तपासावं. एवढंच. शेजाऱ्याच्या स्वभावावर, पूर्वीच्या भांडणावर एक ओळसुद्धा नको. अर्ज साहेबांच्या हातात देऊन येऊ नका, आवक-जावक खिडकीवर द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. खिडकीवरचा माणूस ‘राहू द्या, मी देतो साहेबांना’ म्हणाला तरी उभं राहा आणि नंबर घेऊनच निघा. पुढची प्रत्येक पायरी त्या नंबरवर चढायची आहे.

महिनाभरात काही हाललं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच प्रश्न विचारा : ‘माझ्या आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुकच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात.’ उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणजे कागदावर काहीतरी कार्यवाही असावी लागते. बऱ्याचदा अशा अर्जानंतरच निरीक्षक जागेवर जातो. हे मी आतून पाहिलं आहे. दुसरा रस्ता लोकशाही दिनाचा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, पण त्याचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि आधी द्यावा लागतो, त्या दिवशी नुसतं जाऊन उपयोग नाही.

आवाजाचा अर्ज पोलिसांकडे. ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्या हवालदारावर रागावू नका, त्यालाही मर्यादा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे आणि कलम २९२ मध्ये त्यासाठी १,००० रुपयांपर्यंत दंड. हा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पण एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेता येते, शेजाऱ्याला बोलावून समज देता येते. तेवढंच मागा आणि एनसीची प्रत घ्या. दुसरं, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. त्यापेक्षा १० डेसिबल किंवा जास्त आवाज असला तर तक्रार करता येते. मात्र त्या नियमांखालचा अधिकार पोलीस उपअधीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला आहे. म्हणून ठाण्याच्या अर्जाची प्रत उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. हे नियम प्रत्यक्षात डीजे आणि भोंग्यांसाठीच जास्त वापरले जातात, त्यामुळे मी त्यांच्यावर सगळा भार टाकणार नाही. आवाज अगदी असह्य झाला त्या रात्री ११२ ला फोन करा, बीट अंमलदाराने स्वतःच्या कानांनी ऐकलं तर पुढच्या समजेला वजन येतं. रोज रात्री मात्र फोन करू नका.

‘सार्वजनिक’ या शब्दापाशी थोडं थांबा, कारण बरीच प्रकरणं तिथेच पडतात. कायद्याला आजूबाजूला राहणाऱ्या लोकांचा त्रास दिसावा लागतो. एका घराचा अर्ज म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं भांडण, पाच घरांचा अर्ज म्हणजे उपद्रव. तुमच्या मागच्या गल्लीतल्या लोकांनाही ती कुत्री ऐकू येत असणारच, फक्त ‘कशाला वाईटपणा घ्यायचा’ म्हणून ते गप्प असतील. त्यांना भांडायला बोलवू नका, फक्त आपापल्या घराचा त्रास दोन ओळींत लिहून सही मागा. आयत्या मजकुरावर घेतलेल्या वीस सह्यांपेक्षा स्वतःच्या अक्षरातली चार निवेदनं मी जास्त खरी मानायचो.

सह्या असतील तर तिसरं दार उघडतं, ते प्रांत कार्यालयाचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांत उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश काढू शकतात. जुने कारकून अजून त्याला ‘१३३ ची केस’ म्हणतात, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १३३ होतं. शेजाऱ्याला बाजू मांडायची संधी मिळते आणि आदेश मोडला तर वेगळा गुन्हा होतो. माझा अनुभव असा, की नुसत्या भुंकण्यावर हा आदेश सहसा निघत नाही. घाण, दुर्गंधी किंवा मोकळं सोडलेलं धोकादायक जनावर असेल तर निघतो. म्हणूनच पाण्याचा पंचनामा आधी हातात हवा म्हणतो.

कुत्रं चावलं तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. लस तिथे मोफत मिळते. केसपेपर जपून ठेवा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला मालकाला सांगा. आपल्या जनावरापासून माणसाला धोका होणार नाही याची काळजी न घेणं हा न्याय संहितेच्या कलम २९१ खाली दखलपात्र गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे ‘आपसात मिटवा’ चालत नाही.

असाच त्रास खेड्यात असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि तंटामुक्त समिती, पोलीस पाटलांना बरोबर घेऊन. मोकाट गुरं पिकात किंवा अंगणात शिरत असतील तर १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहेच, कोंडवाडा त्यासाठीच असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं : सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमत असलं तरी. घाण उचलणं, जिन्यात दोरीला धरूनच नेणं असे नियम मात्र करता येतात.

एवढं करूनही काहीच झालं नाही तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा लावता येतो, त्यासाठी पाच घरांची गरज नाही, तुमचा एकटीचा त्रास पुरतो. पण ते वर्षानुवर्षं चालतं आणि भिंत तर एकच राहते. त्याआधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तिथे दावा लावण्यापूर्वीच दोघांना बोलावून तडजोड घडवता येते, आणि महिलांना उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो. तिथे झालेली तडजोड लेखी असते, त्यात ‘रात्री १० ते सकाळी ६ कुत्री तळमजल्यावर’ असं वेळेसकट लिहून घ्या. ‘काळजी घेऊ’ असं मोघम वाक्य मान्य करू नका.

हात जोडून एकच सांगतो. घरातलं कोणी रागाच्या भरात विष घालण्याची, दगड मारण्याची भाषा करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. जनावराला ठार मारणं किंवा अपंग करणं यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चार फुटांच्या साखळीवर उन्हात पोळणाऱ्या त्या जिवाचा यात काय दोष?

अर्ज देण्याआधी तुमच्या अंगणात पाणी पडतं तो पाइप नीट बघून घ्या. तो घर बांधतानाच पावसाच्या पाण्यासाठी दोघांच्या संमतीने तुमच्या बाजूला काढलेला असेल, तर ‘पाइप बेकायदा आहे’ असं लिहू नका, शेजारी जुना कागद दाखवून तुमचा सगळा अर्ज खोटा पाडेल. ‘पावसाच्या पाण्याच्या पाइपातून कुत्र्यांच्या विष्ठेचं पाणी सोडलं जातं’ असं लिहा. गच्ची धुतात त्या दिवशी पाइपाच्या तोंडापासून तुमच्या तुळशीपर्यंतचा ओघळ एका फोटोत येईल असा काढा, आणि तोच फोटो अर्जाला पहिल्या पानावर लावा.